परिचारिकेच्या हातांतील नवें साधन

नांदेड-लातूरकडील परिचर्येच्या विद्यार्थिनींच्या हातीं आज मोबाईल आहे. त्यावर पाठ ऐकतां येतात. परंतु केवळ ऐकण्यानें कल्पकता जागत नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें १८५८ सालीं सैनिकांच्या मृत्यूंचे आंकडे रंगीत आकृतींत मांडले, तेव्हां जखमांहून रोगांनींच अधिक बळी घेतल्याचें राज्यकर्त्यांना दिसलें. आपल्या विद्यार्थिनीनेंही तसेंच करावें. जुलाब झालेल्या बालकासाठीं १ लिटर स्वच्छ पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हें प्रमाण तिनें मराठवाडी बोलींतील लहानशा चित्रफितींत गुंफावें. ती आईला दाखवून पाणी तिच्याच हातून करवून घ्यावें. आई चुकली, तर तिला दोष न देतां चित्रफीत बदलावी. कल्पकतेची खरी कसोटी तीच.