पावसाळी कोकण आणि फटफटी

नकाशावर कोकणकिनारा सलग दिसतो. पण सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांच्या खाड्या त्याचे तुकडे पाडतात. गेल्या आषाढात फटफटीवरून आम्ही दोघे दाभोळला पोहोचलो. पलीकडे धोपावे समोरच दिसत होते, पण फेरीबोट धक्क्यालाच बांधलेली! आमच्या सोबत्याने हुज्जत घातली. तांडेलाने नुसते खाडीच्या मुखाकडे बोट दाखविले. ओहोटीबरोबर वाशिष्ठीचे गढूळ पाणी बाहेर धावत होते, नैर्ऋत्येचा वारा लाटा आत रेटीत होता. मध्ये पाण्याची भिंतच उभी. मग काय, दापोली, खेड, चिपळूण असा वळसा! उतारावर लाल चिखल. तेथे पुढचा ब्रेक करकचून दाबणे म्हणजे लोटांगणच. आम्ही दुसऱ्या गियरात, बेताबेताने उतरलो. गुहागरला दिवेलागण झाली होती. यजमानांनी आधी पंचे दिले, मग चहा.