साथीचा काळ आणि विद्यार्थ्याचे मन



बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर तुम्ही पाहिले असेल. निदान त्याचे चित्र तरी पाठ्यपुस्तकात पाहिले असेल. फार फार पूर्वी आकाशातून एक अशनी आपल्या काळ्या पाषाणावर आदळला आणि सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर तयार झाले. त्यात साठलेले पाणी खारे आहे. एरवी हिरवट दिसणारे हे पाणी जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, एकाएकी गुलाबी झाले. मग काय विचारता! तर्काला ऊत आला. पण तर्कावर कोणी थांबले नाही, हे महत्त्वाचे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली, पाण्याचे नमुने भरले गेले आणि नागपूरच्या नीरी संस्थेत व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यांची तपासणी झाली. कारण सापडले. पाऊस नाही, ऊन कडक, त्यामुळे पाणी आटले, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी आपला रंग पाण्याला दिला. भरून आणलेले पाणी ढवळले नाही, तर रंग तळाशी बसतो आणि वरचे पाणी निवळते, असेही आढळले.

तुम्ही म्हणाल, विषय मनाचा आणि गोष्ट सरोवराची कशाला? ती यासाठी, की त्याच उन्हाळ्यात या सरोवराच्या काठावरच्या गावात, आणि महाराष्ट्रातल्या गावोगावी, कॉलेजातल्या मुलामुलींच्या मनाचाही रंग बदलला होता. पाण्याची तपासणी झाली. मनाची मात्र फारशी कोणी केली नाही.

काय झाले होते ते आठवून पहा. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. पुण्याला, औरंगाबादला, अमरावतीला शिकणारी मुले वळकटी बांधून गावी आली. कुणाची पुस्तके वसतिगृहाच्या खोलीतच राहिली. परीक्षेचे तर विचारूच नका. जून २०२० मध्ये राज्य सरकारने अंतिम वर्षाची परीक्षा ऐच्छिक केली. जुलैच्या ६ तारखेला विद्यापीठ अनुदान आयोगाने कळवले, की परीक्षा घ्यावीच लागेल. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. तीन महिने मुलाने अभ्यास करावा की करू नये? फेब्रुवारी २०२१ मध्ये कॉलेजे उघडू लागली, तोच अमरावती विभागात साथीने पुन्हा उचल खाल्ली आणि निर्बंध आले. कॉलेजांची दारे पुन्हा उघडली ती २० ऑक्टोबर २०२१ ला. म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ गेला. अठरा-वीस वर्षांच्या वयाला दीड वर्ष म्हणजे थोडे नव्हे.

पूर्वी प्लेग आला की पुष्कळ ठिकाणी लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत. हाल होत, पण शेजारपाजार सोबत असे. या साथीत उलटे झाले. घर तेच, माणसे तीच, आणि जो तो एकटा. कॉलेजातला विद्यार्थी तर भरल्या घरात एकटा पडला. बरोबरीची मुले दिसत नाहीत. मनातले आईजवळ बोलावे, तर ती आधीच काळजीत. बाबांजवळ बोलावे, तर बियाण्याचे पैसे कुठून आणायचे या विचारात ते गढलेले. घरात फोन एक आणि शिकणारी भावंडे तीन. धाकटीचा तास सुरू असला की थोरल्याचा बुडाला. मोठ्या वर्गातल्या मुलींच्या लग्नाची बोलणी कित्येक घरांत याच वेळी सुरू झाली. आणि ज्यांच्या घरचे माणूस दगावले, त्यांना शेवटचे तोंडही पाहता आले नाही. रडायला चार माणसे लागतात हो! तीही जमू शकली नाहीत.

अशा वेळी मन कसे बोलते? ते ‘मी दुःखी आहे’ असे क्वचितच म्हणते. रात्र रात्र झोप लागत नाही, मग दुपारी बारापर्यंत उठवत नाही. जेवण जात नाही. डोके दुखते, छातीत धडधडते. पुस्तक उघडावे, तर एकच ओळ चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही. घरची माणसे म्हणतात, ‘आळस चढलाय, दुसरं काय!’ मुलालाही तेच खरे वाटू लागते. पण असा तो एकटा नव्हता. साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. त्याची झळ तरुणांना आणि स्त्रियांना अधिक लागली. सगळ्या जगातली तरुण मुले एकाच वर्षी आळशी झाली, असे तर कोणी म्हणणार नाही! कारण मनात नव्हते, परिस्थितीत होते. पाणी आटले की खारटपणा वाढायचाच.

आता करायचे काय, ते पाहू. पहिली गोष्ट अगदी साधी आहे. दिवसाला आकार द्या. कॉलेजची घंटा बंद झाली की दिवस सैल पडतो आणि सैल दिवसात काळजी पसरते. उठण्याची वेळ ठरवा. सकाळचे ऊन अंगावर घ्या. तासभर शेतात किंवा घरात हातांचे काम करा, थोडे चाला. साथीच्या बातम्या दिवसातून एकदाच ऐका. सारखे ढवळलेले पाणी निवळणार कसे?

दुसरी गोष्ट, एका माणसाला सांगा. दहा जणांना नको, एकाला. ताई असो, मित्र असो, एखादे सर असोत. सांगताना सगळे नीट जुळवून सांगावे असेही नाही. ‘मला बरं वाटत नाही आणि का ते कळत नाही,’ एवढे वाक्य पुरे.

आणि ज्याला हे सांगितले जाते, त्याच्यावरही जबाबदारी येते. आई-बाबांनो, प्राध्यापकांनो, हे तुमच्यासाठी आहे. लगेच उपदेश करू नका. ‘आमच्या वेळी याहून हाल होते,’ हे वाक्य तर गिळूनच टाका. मूल बोलते आहे तोवर ऐका. ‘जीव नकोसा झालाय,’ असे ते म्हणाले, तर तोंडावर हात ठेवू नका, आणि रागावू तर मुळीच नका. सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का रे?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट कोणी विचारले याने मन हलके होते. उत्तर ‘हो’ आले, तर त्या मुलाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आपल्या कायद्याची दृष्टीही आता बदलली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाकडे तीव्र ताणाखाली असलेला म्हणून पाहतो आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य मानतो.

इथे सरोवराचा दाखला मात्र सोडून द्यायला हवा. त्याचे पाणी पावसाळा आला तसे पूर्ववत झाले. मनाचेही पुष्कळदा तसेच होते. कॉलेज सुरू झाले, मित्र भेटले, की मळभ जाते. पण नेहमीच जाते असे नाही. दोन आठवडे उलटून गेले तरी झोप, भूक, अभ्यास यांपैकी काहीच रुळावर येत नसेल, तर पावसाची वाट पाहत बसू नका. ताप उतरला नाही तर आपण डॉक्टरांकडे जातोच ना? त्यात जशी लाज नाही, तशी यातही नाही. गावापासून मनोविकारतज्ज्ञ दूर असेल, तर १४४१६ हा क्रमांक फिरवा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेली ही ‘टेलिमानस’ सेवा फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते.

मे २०२३ मध्ये साथीची आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. तुम्ही म्हणाल, झाले ते झाले, आता कशाला उकरायचे? पण मित्रहो, त्या वेळी सातवी-आठवीत असलेली मुले आज कॉलेजच्या बाकांवर बसली आहेत. त्यातले कोणी चार लोकांत बोलायला घाबरते, कोणाला घरात गेलेल्या माणसाविषयी आजवर बोलता आलेले नाही. तुमच्या शेजारच्या बाकावरचा मुलगा आठ दिवस आला नाही, तर हजेरीपुरती चौकशी करून थांबू नका. त्याच्या घरी जा, जवळ बसा, आणि तो बोलेल तेव्हा ऐका.