खातं कामगाराचं, सही मालकाची

भुसावळमध्ये रेल्वेचा पास ही घरोघरीची गोष्ट. सुट्टीत गावाला जायचं असो की म्हाताऱ्या आईवडिलांना काशीला न्यायचं असो, आधी पास निघायला हवा. पूर्वी त्यासाठी कार्यालयात अर्ज, मग कागदी पास, मग तो घेऊन आरक्षणाच्या खिडकीसमोर रांग. 24 ऑगस्ट 2020 रोजी रेल्वेने ई-पास सुरू केला. क्रिस या रेल्वेच्याच संस्थेने उभारलेल्या एचआरएमएस प्रणालीवर कर्मचारी मोबाइलवरून अर्ज करतो आणि मंजूर झालेल्या पासवर आयआरसीटीसीचं तिकीट घरबसल्या काढतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भविष्य निर्वाह निधीची उचलही या प्रणालीत आली.

रेल्वेला हे जमलं, कारण तिथे मालक एकच. माणूस लागला की निवृत्तीपर्यंत बहुधा तिथेच. कर्मचाऱ्यांच्या हक्कांचं पोर्टल नव्याने घडवण्याची खरी परीक्षा भुसावळपासून अर्ध्या तासावर, जळगावच्या एमआयडीसीत आहे. डाळ मिल, चटईचे कारखाने, पाइपचे कारखाने. धुळ्याला अवधानची एमआयडीसी. इथे ठेकेदार बदलतो, कारखाना बदलतो, सिमकार्ड बदलतं. पगारातून मात्र भविष्य निर्वाह निधीसाठी 12 टक्के दरमहा कापले जातात. त्याला कामगार सरळ ‘फंड’ म्हणतो.

खानदेशाला फंड नवा नाही. 1952 चा कायदा आला तेव्हा पहिल्या सहा उद्योगांत कापडधंदा होता. म्हणजे जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल यांचे कामगार सुरुवातीच्याच फळीतले. त्या गिरण्यांत फंडाचं काम एका टेबलावर होई. आज ते यूएएन या बारा आकडी क्रमांकावर चालतं. 2014 मध्ये हा क्रमांक आला आणि नोकरी बदलली तरी खातं माणसाबरोबर राहील, अशी सोय झाली. कल्पना उत्तम होती. अडलं ते नावापाशी.

चौधरी हे खानदेशातलं गावोगावचं आडनाव. देवनागरीत त्याचं एकच रूप. रोमन लिपीत मात्र कुणी ‘चौ’साठी ए-यू लिहितो, कुणी ओ-यू, कुणी ओ-डब्ल्यू, आणि शेवटी कधी आय, कधी वाय. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कारखान्याच्या क्लार्कने घाईत वडिलांच्या नावाचं एकच अक्षर टाकलेलं. लग्न झालेल्या बाईचं तर आधारवर सासरचं नाव, फंडात माहेरचं आणि बँकेत आणखी तिसरंच. यंत्राच्या लेखी ही वेगवेगळी माणसं. मग क्लेम रिजेक्ट होतो आणि कारण इंग्रजीत येतं: ‘नेम मिसमॅच’. मुलीच्या फीसाठी पैसे काढायला निघालेली बाई हे दोन शब्द झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराकडून वाचून घेते. तो पन्नास रुपये घेऊन तोच अर्ज पुन्हा भरतो. चूक तशीच राहते, म्हणून अर्ज पुन्हा परत येतो.

पडद्याचा रंग बदलून यातलं काहीही सुटलं नसतं. नाव दुरुस्त करायचं तर मालकाची मान्यता लागायची, आणि खोळंबा तिथेच होता. हा फंड सांभाळणाऱ्या भविष्य निर्वाह निधी संघटनेने स्वतःच दिलेल्या आकड्यांनुसार असे दुरुस्तीचे अर्ज पुढे पाठवायला मालक सरासरी 28 दिवस घेत होते. बँक खातं जोडण्याचंही तेच: बँकेची पडताळणी सुमारे तीन दिवसांत होई, त्यानंतर मालकाच्या डिजिटल सहीला सुमारे तेरा दिवस लागत. कारखाना बंद पडला असेल किंवा ठेकेदार गाशा गुंडाळून गेला असेल, तर ती सही आणायची कुठून? हा पैसा कामगाराच्या कमाईचा आहे, मालकाच्या मेहेरबानीचा नाही. तरी किल्ली मालकाच्या खिशात होती.

म्हणून 2025 साल महत्त्वाचं. जानेवारीत नियम बदलला: 1 ऑक्टोबर 2017 नंतर आधारच्या आधाराने यूएएन मिळाला असेल, तर नाव, जन्मतारीख, आईवडिलांचं नाव, नोकरी लागल्या-सुटल्याची तारीख कामगार स्वतःच दुरुस्त करू शकतो. एप्रिलमध्ये बँक खातं जोडायला मालकाची मान्यता लागण्याची अटही गेली. त्याच वेळी चेकचा किंवा पासबुकाचा फोटो चढवण्याचा जाचही संपला. धूसर फोटोमुळे किती क्लेम परत यायचे, हे कोणत्याही सेतू केंद्रात विचारावं. जूनमध्ये माणसाच्या तपासणीविना आपोआप निकाली निघणाऱ्या उचलीची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली. पोर्टलमधली सगळ्यात चांगली सुधारणा ही, की एक रकाना आणि एक सही कमी झाली.

सोपं झालं म्हणजे सगळं भलं झालं, असं मात्र समजू नये. ऑक्टोबर 2025 मध्ये संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याची तेरा वेगवेगळी कारणं तीन गटांत आणण्याचं ठरवलं. आजारपण की लग्न, कोणता परिच्छेद लागू, या गोंधळातून सुटका करणारा हा निर्णय आहे. पण त्याच बैठकीत 25 टक्के शिल्लक कायम ठेवण्याचं आणि नोकरी गेल्यावर पूर्ण रक्कम काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिने करण्याचंही ठरलं. हंगाम संपला की ज्याचं काम सुटतं, त्या कामगाराला अर्ज सोपा मिळाला आणि उरलेल्या चतुर्थांशासाठी वाट लांबली. अर्जाची मांडणी तपासताना त्यामागचा नियमही तपासायला हवा, तो याचसाठी.

पेन्शनरांचंही तसंच आहे. गिरणीत किंवा यंत्रावर आयुष्य काढलेल्या माणसाच्या बोटांच्या रेषा झिजतात, अंगठा उठत नाही, आणि हयातीचा दाखला अडतो. चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आली, हे फार मोठं काम झालं. जानेवारी 2025 पासून देशभर केंद्रीय पद्धतीने पेन्शन मिळू लागल्याने ती कोणत्याही बँकेत घेता येते. तरीही किमान पेन्शन 2014 पासून हजार रुपयेच आहे. शेजारच्या बुलढाण्यातून ईपीएस-95 या फंडाच्या पेन्शन योजनेतल्या पेन्शनरांनी ती साडेसात हजार करण्यासाठी देशव्यापी लढा उभारला, तो या हजार रुपयांमुळेच. त्यांचं दुखणं कोणत्याही ॲपने बरं होणारं नाही.

या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत समंजस सोय मात्र जुनी आहे आणि तिला इंटरनेटही लागत नाही. केवायसी पूर्ण असलेल्या सदस्याने नोंदवलेल्या मोबाइलवरून 9966044425 वर मिस्ड कॉल दिला की शिल्लक एसएमएसने येते. बटणांचा साधा फोनही चालतो, पैसेही पडत नाहीत. एसएमएस पाठवून हीच माहिती मराठीत मागवता येते. उमंग ॲपही मराठीत आहे. पण क्लेम जिथे भरला जातो ते संकेतस्थळ मराठीत नाही. घरी अहिराणी बोलणाऱ्या, मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला पैसे किती आहेत ते मराठीत कळतं. पैसे का मिळाले नाहीत, ते मात्र कळत नाही.

जळगाव-धुळ्याचा फंडाचा कारभार नाशिकच्या प्रादेशिक कार्यालयाशी जोडलेला. जळगावहून नाशिक सुमारे अडीचशे किलोमीटर. तेवढ्यासाठी रोजंदारी बुडवून जाणं परवडत नाही. जानेवारी 2023 पासून दर महिन्याच्या 27 तारखेला प्रत्येक जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर भरतं. तिथे तक्रारी घेतल्या जातात, ते योग्यच. त्याच टेबलावर आणखी एक काम सहज होईल: डाळ मिलमधला एक कामगार, चटई कारखान्यातली एक बाई आणि एक निवृत्त गिरणी कामगार यांना त्यांच्याच फोनवर क्लेम भरायला सांगावं, बोट कुठे थांबतं ते अधिकाऱ्यांनी शेजारी बसून टिपून घ्यावं, आणि पुढच्या 27 तारखेच्या आत रिजेक्ट झालेल्या प्रत्येक क्लेमचं कारण व त्यावरचा उपाय मराठीत देण्याचा प्रस्ताव दिल्लीला पाठवावा.