तात्या आपल्या दारापर्यंत आले होते
(मंडळाच्या १८ एप्रिलच्या कार्यक्रमात वाचलेले भाषण)



१८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला तात्या टोपे यांना फाशी देण्यात आली. दरवर्षी आपण या दिवशी तसबिरीला हार घालतो, एखादे पाहुणे बोलावतो आणि चहा घेऊन घरी जातो. यंदा पाहुणे मिळाले नाहीत म्हणून हे काम आम्हा कार्यकारिणीकडे आले. आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नाही, बँकेत खतावण्या तपासणारी माणसे आहोत. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

तात्यांचे मूळ नाव रामचंद्र पांडुरंग येवलेकर. पकडल्यानंतर दिलेल्या जबानीत त्यांनी वडिलांचे गाव येवला, परगणा पाटोदा, जिल्हा नगर असे सांगितले आणि स्वतःला बिठूरचे रहिवासी म्हटले. वय पंचेचाळीसच्या आसपास. वडील पांडुरंगराव दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला होते. १८१८ साली पेशवाई बुडाली, बाजीरावांना गंगाकाठी बिठूरला पाठवले आणि त्यांच्यामागून अशी शेकडो मराठी घरे उत्तरेत गेली. बाजीरावांना वर्षाला आठ लाखांची पेन्शन होती. १८५१ मध्ये ते वारले आणि कंपनीने ती नानासाहेबांना नाकारली. पेन्शन बंद झाली की घरात काय होते हे आम्ही काउंटरवर रोज पाहतो. तिथे तर एकाच पेन्शनीवर अख्खे गाव जगत होते.

कानपूर, काल्पी, बेतवा, ग्वाल्हेर या लढाया शाळेच्या पुस्तकात आहेत, त्या पुन्हा सांगत नाही. आम्हाला त्या जबानीतली एक नोंद फार आवडली. ग्वाल्हेर हातचे गेल्यावर तात्या झालरापाटणला पोचले. तिथल्या राण्याकडून रक्कम वसूल झाली आणि फौजेला तीन महिन्यांचा पगार वाटला गेला. स्वाराला महिना तीस रुपये, पायदळाच्या शिपायाला बारा. मागे इंग्रजांच्या पलटणी लागलेल्या असताना माणूस पगारपत्रक चुकवत नाही! त्यांना नुसते 'गनिमी काव्याचे सेनापती' म्हणून सोडून देणारांनी हेही पाहावे.

आता आपल्या भागाकडे येऊ. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्या आणि रावसाहेब पेशवे नर्मदा ओलांडून दक्षिणेला उतरले आणि मुलताईपर्यंत आले. मुलताई म्हणजे आपल्यापासून सिवनी-छिंदवाडा मार्गे दिवसभराचा रस्ता. पुढे नागपूर होते. नागपूर उठले असते तर दख्खनही पेटले असते, आणि इंग्रजांना भीती नेमकी तीच होती. पण नागपूरची वाट फौजेने अडवली होती, मेळघाटाच्या बाजूचे घाटही बंद होते. तात्यांना पश्चिमेला वळून पुन्हा नर्मदेपार जावे लागले.

इथे आपल्याला थोडे अवघड बोलावे लागेल. नागपूरचे राज्य खालसा होऊन तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. १३ जून १८५७ च्या उठावाचा बेत फसला, काही जण फासावर गेले, आणि राजघराण्यातल्या बांकाबाईंनी सरकारशी एकनिष्ठ राहण्याचाच मार्ग धरला. लांजीपासून इकडचा मुलूख भोसल्यांचा. आपल्यातल्या कितीतरी घरांचे पूर्वज त्याच राज्यात कामाविसदार, कारकून, मालगुजार होते. तात्या मुलताईला होते तेव्हा ही मंडळी काय करत होती? बहुधा दार लावून घरात बसली होती. आम्ही त्यांना दोष देत नाही. सनद गेली की जमीन गेली, हे त्यांना ठाऊक होते. पण व्यासपीठावर 'आपले तात्या' म्हणताना हे आठवावे, एवढेच.

नरवरच्या मानसिंगाने ७ एप्रिल १८५९ च्या रात्री पाडोणच्या जंगलात तात्यांना पकडून दिले. आपण धन्याच्या हुकुमाने लढलो आणि लढाईबाहेर कोणा युरोपियनाला मारले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १५ तारखेला लष्करी न्यायालय बसले आणि तीन दिवसांत सारे संपले. फाशी गेला तो दुसराच, असे मानणारे आजही आहेत. टोपे घराण्यातल्याच पराग टोपे यांनी २०१० च्या आपल्या पुस्तकात तात्या १ जानेवारी १८५९ ला लढताना पडले असे मांडले आहे. आम्हाला शिवपुरीचे कागद अधिक पटतात, पण वाद असू द्यावा.

कुटुंबाचे काय झाले? ते ग्वाल्हेरला कैदेत होते. सुटून बिठूरला परतले तेव्हा पेशव्यांचा वाडा उद्ध्वस्त झालेला होता. पुढच्या पिढ्या तिथेच राहिल्या. २००७ साली, दीडशेव्या वर्षी, देशभर मिरवणुका निघाल्या तेव्हा वर्तमानपत्रांना शोध लागला की तात्यांचे एक वंशज बिठूरला लहानसे किराणा दुकान चालवतात. मग त्यांच्या मुलींना रेल्वेच्या एका उपक्रमात नोकऱ्या मिळाल्या. चांगलेच झाले. पण दीडशे वर्षांत हे कोणाला आठवले नव्हते, आणि त्यात आपणही आलो.

गेल्या बैठकीत पुतळ्याचा विषय निघाला होता. निवडणूक जवळ आली की असे विषय निघतात, आणि देणगीची आश्वासने देणारे पुढारीही येतात. आमचा पुतळ्याला विरोध नाही, पण त्याआधी एक काम करू. आपल्या घरांतल्या पेट्यांत, माळ्यावर भोसलेकालीन मोडी कागद अजून आहेत. बरेच वाळवीने खाल्ले, काही रद्दीत गेले. ज्यांच्याकडे असतील त्यांनी पुढच्या महिन्याच्या बैठकीला आणावेत. मूळ कागद कोणाकडून घेणार नाही, फोटो काढून लगेच परत देऊ आणि नागपूरच्या मोडी जाणकारांकडून वाचून घेऊ. १८५७-५८ ची एखादी चिठ्ठी निघाली, मग ती कोणाच्याही बाजूची असो, याच पत्रिकेत छापू. कागद कापडात बांधून आणावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नकोत.