रोहूची वीण आणि आपल्या शेततळ्यातले बीज

विषय जड वाटला तरी त्याचा संबंध सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याने करायच्या मत्स्यबीजाच्या खरेदीशी आहे. २०१६च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर माण-खटाव, जत-आटपाडीकडे शेततळ्यांची चर्चा घरोघर गेली. ज्यांच्या तळ्यात पाणी टिकते, ते त्यात रोहू, कटला, मृगळ सोडतात. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. आपल्या तळ्यात ते चांगले वाढतात, मादीच्या पोटात अंडी भरतात आणि तिथेच सगळे थांबते. रोहू साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. त्याला पुराचे वाहते पाणी हवे.

म्हणून पूर्वी पावसाळ्यात नद्यांतून बीज धरून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प मासे बंदिस्त पाण्यात विणवले. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन त्याचीच आठवण आहे.

पण साचलेल्या पाण्यात नेमके अडते कुठे? माशाच्या मेंदूत जीएनआरएच नावाचा एक रेणू तयार होतो. फक्त दहा अमिनो आम्लांची ही साखळी. ती पीयूषिकेला सांगते, की एलएच हे संप्रेरक रक्तात सोड. कार्प कुळात मात्र याच वेळी मेंदूतून डोपामिनही येत असते आणि ते पीयूषिकेला अडवून धरते. ॲक्सिलरेटर दाबलेला आणि हँडब्रेकही ओढलेला, अशी ही अवस्था. नदीला पूर आला की ब्रेक सुटतो. शेततळ्यात तो सुटत नाही.

कॅनडाचे रिचर्ड पीटर आणि चीनचे लिन हाओरान यांनी १९८०च्या दशकात या दोन्ही गोष्टींवर एकदम उपाय काढला. सामन माशाच्या जीएनआरएचमधले सहावे अमिनो आम्ल त्यांनी बदलून घेतले आणि साखळीचे टोकही बदलले, म्हणजे शरीरातली विकरे ती लगेच तोडू शकत नाहीत. जोडीला डोम्पेरिडोन दिले. आपण उलटी थांबवायला घेतो तेच हे औषध. ते डोपामिनची वाट अडवते. आज बीज केंद्रांत मिळणारी तयार इंजेक्शने याच तत्त्वावर चालतात.

संध्याकाळी केंद्रावर गेलात तर हे काम पाहता येते. नराचे वक्षपर हाताला खरखरीत लागतात आणि पोट हलके दाबले की दुधासारखे वीर्य येते. मादीचे पोट मऊ, जननरंध्र लालसर सुजलेले. किलोमागे अर्ध्या मिलिलिटरपर्यंत औषध मादीला, नराला त्याहून कमी. मग दोघांना गोल टाकीत फिरत्या पाण्यात सोडतात. मादीच्या रक्तात एलएच वाढते, त्याच्या सांगण्यावरून अंड्याभोवतीच्या पेशी एक स्टिरॉइड बनवतात, आणि त्या स्टिरॉइडमुळे अंड्यात सायक्लिन बी हे प्रथिन तयार होऊन आपल्या जोडीदार प्रथिनाला जागे करते. मधोमध असलेले केंद्रक कडेला सरकते, विरघळते, अंडे फलनाला तयार होते. सगळे एका रात्रीत.

हे इंजेक्शन कच्च्या मादीवर चालत नाही. अंड्यातल्या बलकाचे प्रथिन यकृतात बनते आणि महिनोन्‌महिने रक्तावाटे अंड्यात साठत जाते. उन्हाळ्यात प्रजनक माशांना नीट खाद्य दिले नसेल तर जूनमध्ये कोणतीही बाटली उपयोगाची नाही.

माझी खरी काळजी पुढे आहे. एक मादी किलोमागे दोन लाखांच्या घरात अंडी देते. म्हणजे थोड्या जोड्यांवर केंद्राची वर्षाची मागणी भागते, आणि दरवर्षी त्यांच्याच पिल्लांतून पुढचे आईबाप निवडले की भावंडांची भावंडांशी वीण सुरू होते. शेजारच्या कर्नाटकातल्या केंद्रांचा अभ्यास करून एकनाथ आणि डॉइल या संशोधकांनी १९९०मध्येच हा धोका दाखवला होता. अशा वंशात वाढ खुंटते, मरतूक वाढते, आणि शेतकरी दोष खाद्याला किंवा पाण्याला देतो. याउलट भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने वेगवेगळ्या नद्यांतले रोहू एकत्र आणून निवड पद्धतीने ‘जयंती रोहू’ तयार केला. दर पिढीत वाढ १७ टक्क्यांच्या आसपास सुधारली. त्यात परका जनुक घातलेला नाही. वंशावळ तेवढी काटेकोर ठेवली.

तेव्हा बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, घ्यायला जाल तेव्हा दराच्या आधी दोन प्रश्न विचारा: प्रजनक मासे कुठून आणले, आणि बाहेरचे नवे मासे त्यांत शेवटचे कधी मिसळले? उत्तर मिळाले नाही तर तिथून बीज घेऊ नका.