आईची गोधडी आणि माझी पीएच.डी.

गावी आले की नळावर एकच प्रश्न, "अजून शिकतेच का गं?" आईला तर बचत गटाच्या बैठकीतही विचारतात. म्हणून आज रेडिओवरच सांगून टाकते.

हलकं पण मजबूत साहित्य कसं करायचं, ते मी शिकते. त्याला कंपोझिट म्हणतात. नाव नवं, गोष्ट जुनी. घराच्या भिंतीला आपण चिखलात भुसा कालवतो. नुसता चिखल तडकतो, नुसता भुसा उडून जातो. दोन्ही मिळून भिंत धरतात. आमच्याकडे भुशाच्या जागी केसाहून बारीक कार्बनचे धागे आणि चिखलाच्या जागी राळ.

हलकं कशाला हवं? डॉ. अब्दुल कलाम एक गोष्ट सांगत. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये पायानं अधू मुलं तीन किलोंहून जड कॅलिपर ओढत चालायची. क्षेपणास्त्रासाठी तयार झालेलं हलकं साहित्य वापरून तेच कॅलिपर तीनशे ग्रॅमचं झालं. तीन किलो पायाला बांधून शाळेत जायचं म्हणजे काय, विचार करा.

आता माझं. दुसऱ्या वर्षी मी कार्बनच्या कापडाचे सोळा थर राळेत बसवून फळी केली. यंत्रात दाबली, तर पोळीसारखे पापुद्रे सुटले. आठ महिने पाण्यात! रडत घरी आले, तर आई ओसरीवर गोधडी शिवत बसलेली. थर सुटू नयेत म्हणूनच तर टाके. फळीलाही असे आरपार टाके घालतात, तो शोध काही माझा नव्हे. पण सुई गेली की कार्बनचे धागे तुटतात. टाके दाट घातले तर फळीची ताकद घटते, विरळ घातले तर थर सुटतात. मग किती अंतरावर घालायचे? हाच माझा अभ्यास. प्रत्येक अंतराच्या फळ्या करायच्या, मोडायच्या, मोजायच्या, लिहायचं. वर्षं जातात ती यात.

आणि खर्च? केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. पैसे कधीकधी उशिरा येतात, तेव्हा उसनवारी होते, खोटं कशाला सांगू! पीएच.डी.ला साधारण सहा वर्षांची मुदत असते. बाईला दोन वर्षं जास्त मिळू शकतात, बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही.

हे सगळं सांगायचं कारण आमच्याच आळीत आहे. एक मुलगी एम.टेक. झाली, गुण माझ्यापेक्षा चांगले. वडील म्हणतात, आता पुढचा खर्च झेपायचा नाही, स्थळं बघू.

काकू, ऐकताय ना? उद्या सकाळी मी घरीच आहे. काकांना घेऊन या. शिष्यवृत्तीचं पत्र दाखवते, आणि ती मोडलेली फळीसुद्धा.