फोन घेताना काय सोडायचं?

नाशिकहून पुन्हा एकदा तुमच्यासोबत. तुमच्यातले बरेच जण विचारतात, "दादा, पंधरा हजारांत कुठला फोन घेऊ?" आज मॉडेलचं नाव सांगणार नाही. आधी माझी एक चूक सांगतो.

तीन वर्षांपूर्वी निफाडकडचे माझे मामा फोन घ्यायला नाशिकला आले. एम. जी. रोडवर मोबाईलची दुकानं किती आहेत, तुम्हाला माहीतच आहे. मामांचा द्राक्षबाग. रात्रीची वीज आली की टॉर्च लावून मोटर चालू करायला जायचं, म्हणून बॅटरी दमदार हवी. मी हुशारी केली. म्हटलं, "मामा, ६४ जीबीचा घ्या, दीड हजार वाचतील. कमी पडलं तर मेमरी कार्ड टाकू."

दीड वर्षात फोन गच्च भरला. कार्ड टाकलं, पण ॲप्स आणि व्हॉट्सॲपचा पसारा राहतो फोनच्या आतल्या जागेतच.

ई-पीक पाहणीचे शेवटचे दिवस होते. २०२१ पासून शेतकऱ्यालाच शेतात उभं राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो काढून नोंद करता येते. मामा बागेत उभे आणि फोन म्हणतोय, जागा नाही. मी इथून सांगितलं, "जुने फोटो उडवा." त्यांनी उडवले. त्यातच औषधांच्या बिलांचे फोटो गेले. द्राक्षं युरोपला पाठवायची तर कुठली फवारणी कधी केली, याची नोंद लागते. बिलं पुन्हा मिळवायला मामांचे दोन दिवस दुकानांच्या चकरांत गेले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

तर आता गणित बघू. फोनची किंमत ठरली की स्क्रीन, कॅमेरा, चिप, स्टोरेज, बॅटरी, सगळं त्याच पैशांत बसवायचं. त्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे पंधरा हजारांतले जवळपास २,३०० रुपये तर करातच गेले. एक गोष्ट वाढवली की दुसरी कुठेतरी कापावी लागणारच.

स्टोरेजचं बघा. खोक्यावर १२८ जीबी लिहिलेलं असलं तरी त्यातली बरीच जागा सिस्टीम आधीच अडवते. "८ + ८ जीबी रॅम" लिहिलंय? त्यातले दुसरे आठ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. आणि स्टोरेज कुठल्या प्रकारचं आहे तेही विचारा. स्वस्त फोनमधलं ईएमएमसी एका वेळी एकतर वाचतं, नाहीतर लिहितं. यूएफएस दोन्ही एकदम करतं. दोन वर्षांनी फोन रडतो तो बऱ्याचदा इथेच.

आता बॅटरी. नुसत्या एमएएचच्या आकड्यावर जाऊ नका. मळ्यात रेंज कमी असली की नेटवर्क धरून ठेवायला फोन जास्त करंट खातो. शिवाय बॅटरी झिजतेच. युरोपात जून २०२५ पासून नियम आहे, ८०० वेळा पूर्ण चार्ज होऊनही किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. म्हणजे झीज गृहीतच धरलीय!

पण खरा फरक इथे आहे. बॅटरी दमली तर बदलता येते, तोवर पॉवर बँक आहे. स्टोरेजची चिप मात्र बोर्डवर पक्की बसवलेली असते, ती आपल्याला वाढवता येत नाही. म्हणून माझा आता एकच नियम: जे नंतर बदलता येणार नाही, त्यावर पैसे आधी घाला. बजेट ताणता येत नसेल तर कॅमेऱ्याचा मोह सोडा, नाहीतर मागच्या वर्षीचं मॉडेल बघा.

मागच्या महिन्यात मामांना पुन्हा एम. जी. रोडला नेलं. या वेळी आधी विचारलं, "दिवसभर फोनवर काय काय करता?" मग २५६ जीबीचा घेतला, कॅमेरा साधा, सोबत पॉवर बँक. मामांनी खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि दुकानदाराला एवढंच विचारलं, "टॉर्च लांब पडतो ना?"

तुम्ही तुमच्या फोनमध्ये काय सोडलं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!